माटुंग्याचे ते दशक

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये संशोधनाचे पेपर फुकट देणारे साय-हब हे संकेतस्थळ बंद करायला सांगितले. ते बेकायदा होते, हे मान्य. पण बदलापूरच्या एमआयडीसीत काम करून कात्रपमध्ये राहणाऱ्या केमिस्टला पेपर वाचायची कायदेशीर वाट कुठली उरली, हे कोणी सांगितले नाही.

पूर्वी ही वाट ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ या पेपरांच्या सारांशांच्या छापील खंडांतून जायची. ते १९०७ला निघाले. माझे दशक १९८५ ते १९९५चे. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त प्रक्रियेवर मिळे. तोच रेणू निराळ्या मार्गाने बनवायचा, तर आधीचे सारे मार्ग ठाऊक हवेत. म्हणून आम्ही केमिस्ट रेफरन्स काढायला लोकलने माटुंग्याला, यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेच्या ग्रंथालयात जायचो. कंपनीचे पत्र दाखवले की बसायला मिळे.

आधी फॉर्म्युला इंडेक्स. कार्बन, मग हायड्रोजन, पुढची मूलद्रव्ये वर्णक्रमाने. १९७२पासूनच्या खंडांत ॲनिलिन शोधायचे तर ‘बेन्झिनअमीन’खाली. तिथून ॲबस्ट्रॅक्टचा क्रमांक, सारांश, मग मूळ पेपर. तो कपाटात नसला तर दिल्लीच्या इन्सडॉक या माहिती केंद्राकडे झेरॉक्स मागवून वाट पाहायची. जुने संदर्भ बाइलस्टाइन या संदर्भग्रंथात, तेही जर्मनमध्ये. शब्दकोश जवळ लागेच. रंगांचे काम असेल तर आधी वेंकटरामन यांचे ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ उघडायचे. त्याचे पहिले दोन खंड १९५२चे. तेव्हा ते याच यूडीसीटीचे संचालक होते. असे शोधताना हव्या त्या संयुगाच्या शेजारची दहा संयुगे नजरेखालून जात. खरे रसायनशास्त्र मी तिथे शिकलो.

ग्रंथालयाचा दिवस रजेत धरणारे मालक तेव्हा होते. फुकट गेलेल्या बॅचचा खर्च मात्र ते निमूट सोसत. आणि बांधीव खंडांतली पाने ब्लेडने कापून नेणारे वाचक. त्यांना मी अजून क्षमा केलेली नाही.

नंतरचे भराभर सांगतो. १९९५ला संगणकावर शोधायचे सायफाइंडर आले, २००५ला रेणूवरच पेटंट मिळू लागले, २०१०पासून ॲबस्ट्रॅक्ट्सची छपाई थांबली. पेटंटे आज घरबसल्या फुकट वाचता येतात. पण प्रयोगाचा नीट तपशील बहुधा पेपरमध्येच असतो, आणि एका पेपरची किंमत छोट्या कारखान्याला जड जाते.

जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी योजना सुरू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी महाविद्यालयांना आणि संशोधन संस्थांना ती खुली झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. खासगी कारखान्यातला केमिस्ट मात्र बाहेरच राहिला. छापील खंडांच्या काळात तो निदान ग्रंथालयात बसून वाचू शकत होता.

योजनेची मुदत २०२७ला संपते. पुढचे करार करताना प्रत्येक सरकारी ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी एक संगणक ठेवण्याची अट घालावी. डाउनलोड नको, बसून वाचू द्या. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारांनी ही मागणी आत्ताच लेखी पाठवावी.