शिवेपलीकडील जमिनीची मोजणी

कागल तालुक्याच्या सीमेलगतच्या गावांत काही कुटुंबांची शेती दोन राज्यांत विभागलेली आढळते. घर व थोडी जमीन अलीकडे, उरलेली निपाणी-चिकोडीकडे. वाटणी अथवा विक्री निघाली म्हणजे मोजणीचा प्रश्न उभा राहतो.

गतवर्षी आमच्या कचेरीत आलेल्या एका शेतकरी बंधूंनी दोन्हीकडील शेतांचा नकाशा पुढे ठेवला. अलीकडच्याच एका खाजगी मोजणीदाराकडून त्यांनी तो करविला होता. नकाशा सुबक होता, मापेही बहुधा बिनचूक असावीत. तथापि पलीकडील हिस्स्याचे खरेदीपत्र त्याच्या आधारे नोंदले गेले नाही. पैसे गेले, आणि पुन्हा मोजणी होईपर्यंत उसाची लावणही लांबली.

याचे कारण असे की, जमीन, महसुली मोजणी व हक्कनोंद हे विषय घटनेने राज्यांकडे सोपविले आहेत. सबब मोजणीदाराचा अधिकार राज्याच्या सीमेपाशी संपतो. महाराष्ट्रात मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख खात्याच्या तालुका उपअधीक्षकांकडे करावयाचा असतो. कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल कायद्याखाली परवानाधारक मोजणीदार नेमले जातात व सर्व्हे नंबराचा काही भाग विकावयाचा तर ‘अकरा ई’ नकाशा लागतो. त्याचा अर्ज तेथील नाडकचेरीत द्यावा. आपल्याकडील एखाद्या तरुण मोजणीदारास पलीकडे काम करावयाचे असेल, तर त्यास कर्नाटकाचाच परवाना मिळविला पाहिजे. तेथील दप्तर कानडीत असल्याने ती भाषा वाचता येणे ओघानेच आले.

फसगत होते ती शब्दांच्या सारखेपणामुळे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चिकोडी तालुका मुंबई राज्यात होता. टिपण, आकारबंद हे शब्द दोन्हीकडे आजही चालतात, त्यामुळे कागदही एकच असा समज होतो. वस्तुतः आपला सातबारा तो तिकडे ‘पहणी’. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत गट पडले, तिकडे सर्व्हे नंबर राहिले.

क्षेत्राचेही तसेच. सातबारावर हेक्टर-आर, तर पहणीवर एकर-गुंठे असतात. जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. गुंठा व आर एकच, असे बांधावर सर्रास बोलले जाते. परंतु एकराचे गुंठे ४० आणि आर ४०.४७ भरतात. आठ एकरांत ही तफावत पावणेचार आरांची होते, आणि भावाभावांत तंटा लागण्यास तेवढी पुरेशी आहे! वाटणीपत्रात दोन्ही परिमाणे लिहवून घ्यावीत.

उभ्या उसात बांधाच्या खुणा सापडत नाहीत. म्हणून तोडीचा अंदाज घेऊन दोन्ही राज्यांत स्वतंत्र अर्ज आधीच करावेत, आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांस, मग ते कोणत्याही राज्यातील असोत, बांधावर हजर ठेवावे.