चाळीस नंबरचं सूत आणि खिशातला फोन

माझे वडील लालबागच्या गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. घरात शर्टाचं कापड आलं की कडेचा एक दोरा ओढून बोटांत चोळायचे आणि सांगायचे, "चाळीस नंबर." एक पौंड सुतात 840 यार्डांच्या चाळीस लडी भरल्या की ते सूत चाळीस नंबरचं. नंबर चढला की सूत बारीक. हा हिशेब मँचेस्टरला तोच आणि परळलाही तोच, त्यामुळे नुसता नंबर सांगितला की गिऱ्हाइकाला माल कळायचा. मानक म्हणतात ते हेच.

मी पेटंट एजंट झालो तेव्हा मुंबईचं पेटंट कार्यालय लोअर परळला, सन मिल कंपाउंडातल्या टोडी इस्टेटमध्ये होतं. पुढे ते अँटॉप हिलला गेलं. अर्जांची बाडं घेऊन गिरणीच्या त्या आवारात शिरताना दर वेळी वडिलांचा दोरा आठवायचा.

पण त्या 840 यार्डांवर कोणाची मालकी नव्हती. मोबाइलचं तसं नाही. आवाज दाबून थोड्या जागेत कसा बसवायचा, दादरहून सुटलेल्या लोकलमधला कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे न तुटता कसा सोपवायचा, हे सगळं मानकात लिहिलेलं असतं. 1998 पासून ही मानकं थ्रीजीपीपी या व्यासपीठावर ठरतात. त्यांतल्या कितीतरी युक्त्यांवर कोणा ना कोणाचं पेटंट असतं. मानक पाळायचं तर ते पेटंट वापरावंच लागतं, वळसा घालायला दुसरी वाट नाही. म्हणून पेटंटमालकांकडून आधीच वचन घेतात की रास्त आणि वाजवी अटींवर, भेदभाव न करता परवाना देऊ.

आता रास्त म्हणजे किती? एरिक्सन आणि आपली लावा ही कंपनी यावरूनच वर्षानुवर्षं दिल्ली उच्च न्यायालयात भांडली. 28 मार्च 2024 ला निकाल लागला. आठ पेटंटांपैकी एक रद्द झालं, सात टिकली. फोनच्या निव्वळ विक्री किमतीवर 1.05 टक्के दर धरून लावाने सुमारे 244 कोटी रुपये द्यावेत, असं एकल न्यायमूर्तींनी ठरवलं.

म्हणजे या दराने पाच हजारांच्या फोनवर साडेबावन्न रुपये आणि पन्नास हजारांच्या फोनवर सव्वापाचशे. शोध तोच, काम तेच. महाग फोनमधला कॅमेरा आणि काच काही त्या संशोधकाने बनवलेली नाही. पेटंटवाले म्हणतात, आमच्या शोधाशिवाय त्या फोनचा उपयोग काय? त्यातही तथ्य आहे. तरी संदेश देवाणघेवाणीचं काम करणाऱ्या चिपच्या किमतीवर दर लावणं मला जास्त न्याय्य वाटतं. आणि हे दर करारांत झाकून ठेवतात, ते तर मला मुळीच पटत नाही. शेजाऱ्याने काय भरलं हे कळल्याशिवाय भेदभाव झाला की नाही, हे छोट्या कारखानदाराला समजणार कसं?

मात्र कोर्टात जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो. खरा डाव मानक लिहिताना पडतो. फाइव्हजीच्या वेळी भारताने तिथे एक गोष्ट मिळवली. आपली वस्ती गावठाणात एकवटलेली असते आणि मधे शेतं, म्हणून टॉवर सहा किलोमीटर अंतरावर असले तरी यंत्रणा चालते का, ही कसोटी आपण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून मान्य करून घेतली. आयआयटी मद्रास आणि हैदराबादच्या मंडळींनी त्यासाठी तंत्रही पुढे आणलं.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयने एकेकाळी गिरण्यांना वस्त्रतंत्रज्ञ दिले. तिथल्या आजच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, नोकरी शोधण्याआधी मानकांचे मसुदे वाचायला लागा. थ्रीजीपीपीचे दस्तऐवज इंटरनेटवर खुले आहेत. आपलं पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं, आणि तेही फुकट वाचता येतं.