तिकिटावर मिळणारे घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहा पौंडांच्या तिकिटावर वीस-तीस लाख पौंडांचे घर देऊ करणाऱ्या सोडती ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत चांगल्याच फोफावल्या आहेत. घराला गिऱ्हाईक मिळेना म्हणून एखाद्या अडलेल्या मालकाने शोधलेली ही पळवाट आता दूरचित्रवाणीवर जाहिराती करणाऱ्या कंपन्यांच्या हाती आली आहे. मराठी वाचकाला घराची सोडत म्हटले की म्हाडा आठवते. परंतु म्हाडाच्या सोडतीत ज्याचे नाव लागते त्याला ठरलेल्या किमतीस घर विकत घेण्याचा हक्क मिळतो आणि ज्याचे लागत नाही त्याची अनामत रक्कम परत येते, तर ब्रिटनमधील या सोडतींत एकाला घर फुकट मिळते आणि बाकीच्या सर्वांचे पैसे जातात. हा व्यवहार नशिबाच्या खेळाचा असल्यामुळे त्याची पारखही त्याच मापाने करावी लागते.

सर्वांत रूढ समज असा की ही एक प्रकारची लॉटरीच असून तिच्यावर सरकारची देखरेख असते. वस्तुतः ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यानुसार कोणालाही खासगी नफ्यासाठी लॉटरी चालवता येत नाही, आणि नेमके याच कारणाने या सोडती लॉटरीच्या व्याख्येबाहेर राहतील अशा बेताने आखलेल्या असतात. व्याख्येबाहेर राहण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला कौशल्याचा : स्पर्धेतील प्रश्न इतका कठीण असला पाहिजे की त्यामुळे बऱ्याच लोकांना भाग घेणेच जमू नये किंवा भाग घेणाऱ्यांपैकी बरेच जण गळावेत. तीन पर्यायांतून फ्रान्सची राजधानी ओळखायला सांगणारा प्रश्न या कसोटीला उतरत नाही हे उघड असल्याने बहुतेक आयोजक दुसरा मार्ग धरतात, तो म्हणजे पैसे न भरता साध्या टपालाने प्रवेश घेण्याची सोय ठेवणे आणि ती ठळकपणे जाहीर करणे. यांपैकी एक अट पाळली की आयोजकाला जुगार आयोगाचा परवाना लागत नाही. आयोग केवळ सीमारेषा ओलांडली जाते का एवढे पाहतो. परवानाधारक ऑनलाइन जुगारापासून स्वतःला दूर ठेवण्यासाठी नाव नोंदवण्याची ‘गॅमस्टॉप’ ही योजनाही त्यामुळे येथे लागू पडत नाही. २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने या व्यवसायासाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली खरी, परंतु ती ऐच्छिक आहे.

टपालाने प्रवेश फुकट, हेही अर्धसत्यच होय. सर्वसाधारणपणे पोस्टकार्डावर नाव, पत्ता, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक आणि कोणत्या सोडतीसाठी प्रवेश हवा आहे ते लिहून पाठवावे लागते व एका कार्डाला एकच प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये दुय्यम वर्गाच्या टपालाचे तिकीट ८७ पेन्सांचे होते. एखादा आयोजक दहा पौंडांत पंधरा प्रवेशांचा गठ्ठा विकत असेल, तर विकतचा प्रवेश सुमारे ६७ पेन्सांना पडतो, म्हणजे फुकटचा प्रवेश विकतच्यापेक्षा महाग ठरतो. मात्र ज्याला एकदाच नशीब अजमावायचे आहे त्याने दहा पौंड घालवण्यापेक्षा ८७ पेन्स घालवणे केव्हाही बरे.

तिकीट घेणे परवडते का, हा खरा प्रश्न गणिताचा आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीपेक्षा वेगळे आहे. या सोडती लॉटरीपेक्षाही वाईट असतात, असे सरसकट म्हणता येत नाही. २०१७ मध्ये लँकशायरमधील मेलिंग मॅनर हे सुमारे ८,४५,००० पौंडांचे घर दोन पौंडांच्या तिकिटावर सोडतीस काढण्यात आले आणि जवळपास पाच लाख तिकिटे खपली. बक्षिसाच्या किमतीला एकूण तिकिटांनी भागले असता जी रक्कम येते तिला अपेक्षित मूल्य म्हणतात, म्हणजे एका तिकिटाच्या वाट्याला सरासरीने येणारा बक्षिसाचा भाग. येथे तो सुमारे एक पौंड सत्तर पेन्स होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या सोडतींत तिकिटाच्या पैशांपैकी जेमतेम निम्मा भाग बक्षिसांच्या रूपाने परत येतो आणि ‘लोटो’चे सर्वांत मोठे बक्षीस लागण्याची शक्यता साडेचार कोटींत एक एवढी असते, त्या तुलनेत मेलिंगचे तिकीट निश्चितच उजवे होते. तरीही शक्यता पाच लाखांत एक होती, म्हणजे चार लाख नव्याण्णव हजारांहून अधिक तिकिटे कोरीच निघणार होती, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

मात्र या एका उदाहरणावरून, जेथे तिकिटे कमी खपली असतील तेथे शिरावे म्हणजे शक्यता वाढते, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण येथेच या खेळाची खरी मेख आहे. घरमालक स्वतः आयोजक असेल तर त्याच्या अटींत बहुधा असे कलम असते की ठरावीक संख्येइतकी तिकिटे न खपल्यास घराऐवजी जमलेल्या रकमेतून खर्च वजा करून उरणारा हिस्सा रोख दिला जाईल. असे झाले की बक्षीस जमलेल्या पैशांपेक्षा नेहमीच कमी राहते आणि तिकिटाचे अपेक्षित मूल्य त्याच्या किमतीखाली जाते. म्हणजे तिकिटे कमी खपून शक्यता सुधारली की घरच हातचे जाते आणि घर मिळण्याइतकी तिकिटे खपली की शक्यता घसरते. घराची किंमत जमलेल्या पैशांपेक्षा जास्त असूनही घरच दिले गेले, असे अशा अटींखाली सहसा घडत नाही. जाहिरातींच्या संहितेनुसार जाहीर केलेले बक्षीस किंवा त्याच्या तोडीचे काही देणे आयोजकावर बंधनकारक आहे आणि घरांच्या सोडतींतील काही आयोजकांविरुद्ध जाहिरात मानक प्राधिकरणाने निर्णयही दिले आहेत. परंतु या संस्थेला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही.

कितीही तिकिटे खपली तरी घर देऊच, अशी हमी मोठ्या कंपन्या देतात आणि ती पाळली जाते हे मान्य केले पाहिजे. तेथे अडचण वेगळी आहे. प्रवेशांच्या संख्येला बहुधा वरची मर्यादा नसते, त्यामुळे तिकीट घेताना शक्यता किती हे घेणाऱ्याला कळूच शकत नाही. समजा, घर ३० लाख पौंडांचे आहे आणि तिकिटांची विक्री दोन कोटी पौंडांची झाली, तर दहा पौंडांच्या तिकिटामागे घराच्या किमतीचा वाटा अवघा दीड पौंड पडतो. उरलेले साडेआठ पौंड जाहिरात, इतर बक्षिसे, धर्मादाय संस्था आणि कंपनीचा नफा यांत वाटले जातात. आकडे कल्पित असले तरी हमी हवी असेल तर ती याच गणितात विकत घ्यावी लागते.

येथे पुढचा समज डोकावतो : पैसे वाया गेले तरी सत्कार्याला लागले. परवाना असलेल्या मोठ्या संस्थांच्या लॉटरीला जमलेल्या रकमेपैकी किमान २० टक्के भाग सत्कार्यासाठी द्यावा लागतो, असे कायदा सांगतो. बक्षीस-सोडतींना अशी कोणतीही कायदेशीर किमान मर्यादा नाही, आणि धर्मादाय हिस्सा किती हे सर्वस्वी आयोजकाने छापलेल्या अटींवर ठरते. करदात्याने एखाद्या संस्थेला थेट दहा पौंड दिले तर ‘गिफ्ट एड’ या सवलतीमुळे सरकार भरलेल्या प्राप्तिकरातून अडीच पौंड भर घालते आणि संस्थेला साडेबारा पौंड मिळतात. सोडतीच्या तिकिटाला ही सवलत मिळत नाही. त्या तिकिटातून २० टक्के दिले गेले, तरी संस्थेच्या पदरात दोनच पौंड पडतात. ज्याला दान करायचे आहे त्याने दान करावे, खेळायचे आहे त्याने खेळावे. एका तिकिटात दोन्ही साधण्याचा हिशेब जुळत नाही.

जिंकलेले घर फुकट असते, हा समज तुलनेने निरुपद्रवी असला तरी चुकीचाच. जिंकलेल्या रकमेवर वा घरावर ब्रिटनमध्ये प्राप्तिकर लागत नाही आणि मोठे आयोजक कायदेशीर खर्चही उचलतात. परंतु इंग्लंडमध्ये घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, १९९१ च्या किमतीवरून आठ पट्ट्यांत आकारली जाते, आणि बक्षिसाची घरे बहुधा ज्या सर्वांत वरच्या पट्टीत बसतात तिची घरपट्टी मधल्या ‘डी’ पट्टीच्या दुप्पट असते. घर दुसरे म्हणून ठेवल्यास एप्रिल २०२५ पासून स्थानिक कौन्सिलला त्यावर आणखी शंभर टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. त्याखेरीज विमा, हीटिंग आणि बागेचा खर्च उरतोच. विजेत्यांपैकी अनेकांनी घर विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा मार्ग धरला यात नवल नाही.

भारतातील वाचकांपुरते सांगायचे तर कौशल्य आणि नशीब यांतील हा भेद येथेही जुनाच आहे. बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेवरून मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला उभा राहिला, तेव्हा १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले आणि त्याच वर्षीच्या जोडनिर्णयात ज्यांत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा वेगळ्या मानल्या. परदेशी सोडतीचे तिकीट भारतात बसून काढण्याचा प्रश्न मात्र सरळ आहे : परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात लॉटरीची तिकिटे व स्वीपस्टेक यांसाठी परदेशी पैसे पाठवणे वर्ज्य व्यवहारांच्या यादीत आहे. लंडन-लेस्टरमधल्या भाच्याच्या कार्डावरून तिकीट काढू म्हटले, तरी भाग घेणारा ब्रिटनचा रहिवासी असावा अशी अट आयोजक सहसा घालतात. आणि तिकीट काढलेलेच नसताना ‘आपणास घर लागले आहे, प्रक्रिया शुल्क भरा’ असा निरोप मोबाइलवर आला, तर ती सोडत नसून फसवणूक आहे.