हृदयाघातोत्तर शल्यकर्म : आकार आणि आयुष्य

सुश्रुतसंहितेत हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केलेली आहे. हे मर्म उघडून आत निवांतपणे शस्त्र चालविणे विसाव्या शतकात सुकर झाले, ते हृदय-फुप्फुस यंत्रामुळे.

हृदयाघातात मृत झालेल्या स्नायूच्या जागी काही आठवड्यांत तंतुमय वण तयार होतो. वण आकुंचन पावत नाही. तो मोठा असल्यास रक्तदाबाने बाहेर फुगतो, निमुळती डावी जवनिका गोलसर होते आणि उरलेल्या सशक्त स्नायूवरही ताण पडतो. डेन्टन कूली यांनी 1958 मध्ये ह्यूस्टन येथे या यंत्राच्या साहाय्याने असा फुगवटा कापून काढला. परंतु कडा सरळ शिवल्याने जवनिकेची घडण बिघडत असे. पुढे 1980 च्या दशकात फ्रेंच शल्यविशारद व्हिन्सेंट डोर यांनी वणाच्या सीमेवर आतून वर्तुळाकार टाका घालून उरलेल्या छिद्रास ठिगळ लावण्याची पद्धती रूढ केली.

तर्क इतका सुबोध होता की यश जणू गृहीतच धरले गेले. ‘स्टिच’ या बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 1000 रुग्ण होते. निम्म्यांवर केवळ बायपास, उरलेल्यांवर बायपाससह जवनिकेची पुनर्रचना. आकुंचनाअंती जवनिकेत उरणाऱ्या रक्ताचे प्रमाण पहिल्या गटात 6 टक्के, तर दुसऱ्यात 19 टक्के घटले. मात्र मृत्यू अथवा हृदयविकारास्तव रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अनुक्रमे 59 व 58 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. सोनोग्राफीतील चित्र सुधारले, रुग्णाचे आयुष्य नव्हे! चाचणीअहवालातील आकड्यांवर औषधाचे यश मोजणाऱ्या आपणा सर्वांनाही हे लागू आहे.

म्हणून ही पुनर्रचना आज सरसकट केली जात नाही. मोठा फुगवटा असून हृदयदौर्बल्य वा घातक ताललोप औषधांना दाद देत नसेल तेव्हाच तिचा विचार होतो. आघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवनिकांमधील पडदा फाटणे किंवा झडपेचा आधारस्नायू तुटणे ही गोष्ट वेगळी. तेथे शल्यकर्मावाचून तरणोपाय क्वचितच. अलीकडेच झटका येऊन गेलेला रुग्ण एकाएकी धापा टाकू लागल्यास चिकित्सालयात वेळ दवडू नये.

शल्यकर्मानंतर असे रुग्ण आपल्याकडे येतातच. त्यांची रक्त पातळ ठेवणारी औषधे हृद्रोगतज्ज्ञास न विचारता बंद करू नयेत. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे व डिजॉक्सिन चालू असता हे प्राणावर बेतू शकते. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनॉलॉल यांचे रक्तातील प्रमाण कमी होते. लवणभास्कराची डबी मागणाऱ्या ग्राहकास औषधालयचालकांनी एवढे तरी विचारावे, की हृदयाचे काही औषध चालू आहे काय?