पडद्यावर पट्टे उमटले म्हणून संगणक बाद होत नाही. ग्राफिक्स कार्डातील बिघाड ओळखावा कसा?

नवी दिल्ली : आठ-दहा वर्षे वापरात असलेल्या डेस्कटॉप संगणकाच्या पडद्यावर एके दिवशी रंगीत पट्टे उमटतात, अक्षरांभोवती चौकोनी ठिपके दिसतात किंवा काम सुरू असतानाच पडदा काळा होतो. ‘संगणक गेला’ असे समजून घरी, शाळेत किंवा छोट्या डीटीपी केंद्रात लगेच नव्या यंत्राची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात असा दोष अनेकदा एखाद्याच सुट्या भागात असतो. ग्राफिक्स कार्ड हा त्यातील प्रमुख संशयित असला, तरी एकमेव नव्हे. शिवाय हिशेब, छायाचित्रे आणि कागदपत्रे डिस्कवर साठवलेली असतात. कार्ड निकामी झाल्याने ती नष्ट होत नाहीत. त्यामुळे घाईने डिस्क फॉरमॅट करण्याचे कारण नसते.

आधी मॉनिटर, मग कार्ड

पहिली तपासणी विनाखर्चाची आहे. मॉनिटरवरील बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडावा. हा मेन्यू मॉनिटर स्वतः तयार करतो, कार्ड नव्हे. त्यावरही पट्टे दिसत असतील तर दोष मॉनिटरमध्ये असण्याची शक्यता अधिक. मेन्यू स्वच्छ असेल तर केबल घट्ट बसवावी, शक्य असल्यास बदलून पाहावी.

त्यानंतर पट्टे दिसत असताना स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाईलवर पाहावा. चित्रातही पट्टे असतील तर कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर यांवर संशय घ्यावा. चित्र स्वच्छ असेल तर बिघाड बहुधा केबल, जोडणी किंवा मॉनिटरकडे असतो.

दोष केव्हा दिसतो, हे महत्त्वाचे

संगणक सुरू होताना मदरबोर्ड कंपनीचे चिन्ह दिसते, तेव्हा विंडोज व तिचा ग्राफिक्स ड्रायव्हर अद्याप कार्यरत झालेले नसतात. त्या क्षणीच पट्टे दिसत असतील तर सॉफ्टवेअर पुन्हा भरून उपयोग होत नाही. दोष यंत्रभागात असतो. अवॉर्ड बायोस असलेल्या जुन्या मदरबोर्डांत एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू येणे, हाही ग्राफिक्सशी संबंधित बिघाडाचा संकेत आहे.

विंडोज सुरू झाल्यावरच दोष दिसत असेल तर प्रथम ड्रायव्हर तपासावा. कार्डाकडून साधारण २ सेकंदांत प्रतिसाद न आल्यास विंडोज ड्रायव्हर आपोआप पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येण्यामागे अनेकदा हेच कारण असते. सेफ मोडमध्ये संगणक साध्या ड्रायव्हरवर चालतो. तेथे चित्र ठीक असेल तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून कार्डाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. मात्र सेफ मोडमध्ये कार्डावर ताणही कमी असतो, त्यामुळे ही चाचणी निर्णायक मानू नये.

उष्णता आणि वीज

संगणक सुरू केल्यावर ठीक चालतो आणि काही वेळाने किंवा व्हिडिओ संपादनासारखे जड काम घेतल्यावर बंद पडतो, तेव्हा उष्णता किंवा वीजपुरवठा यांचा संबंध असतो. धुळीने बुजलेली हीटसिंक, अडखळणारा पंखा आणि वाळलेली थर्मल पेस्ट ही उष्णता वाढण्याची नेहमीची कारणे. सफाईपूर्वी प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, अन्यथा वाऱ्याने ती अतिवेगाने फिरून पंख्याला इजा होऊ शकते. कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवल्यानेही कधी कधी दोष दूर होतो.

मदरबोर्डवरील स्लॉट कार्डाला कमाल ७५ वॅट वीज देतो. मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर लागते. ६ पिनांच्या जोडणीतून ७५, तर ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. जुन्या एसएमपीएसमधील कॅपॅसिटर क्षीण झाले की भार वाढताच व्होल्टेज घसरते आणि निर्दोष कार्डही सदोष भासते. म्हणून कार्ड विकत घेण्यापूर्वी चांगल्या स्थितीतील दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो, त्यामुळे एसएमपीएस घरी उघडू नये.

अखेरची खात्री

कार्ड दुसऱ्या संगणकात बसवूनही तोच दोष दिसला, तर निदान जवळजवळ निश्चित होते. कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याचा बहुचर्चित उपाय टाळावा. शिसेविरहित डाख वितळण्यास सुमारे २१७ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्याखाली तापवल्याने मिळणारा दिलासा बहुधा तात्पुरता ठरतो आणि निघणारा धूर आरोग्यास घातक असतो.

टंकलेखन, इंटरनेट आणि हिशेबासाठी स्वतंत्र कार्ड आवश्यकच असते असे नाही. अनेक प्रोसेसरांत ग्राफिक्सची सोय असते. कार्ड काढून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला जोडल्यास संगणक पुन्हा कामाला येऊ शकतो. इंटेलच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत मात्र ही सोय नसते.

नवे कार्ड घेताना यंत्राचे उरलेले आयुष्यही विचारात घ्यावे. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून अनेक जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रावर मोठा खर्च करण्याऐवजी साधे कार्ड किंवा लिनक्सचा पर्याय व्यवहार्य ठरतो. निकामी कार्ड घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया व्यवस्थेकडे ते पोहोचणे अपेक्षित आहे.