पहिल्या भागापासूनच खेळावे काय?

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. तिच्यावर फळांसारखे दिसणारे दगड सापडतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल फकिराने दगड करून टाकला, अशी दंतकथा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट खनिजांचे गोटे आहेत. लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातील द्रव्ये त्यांत साचून असे गोटे बनतात. म्हणजे खडक आधीचा, त्याच्या पोटातील गोटा मागाहूनचा. मांडणीचा क्रम आणि घडण्याचा क्रम एकच असेल असे नाही.

व्हिडिओ गेमच्या मालिका पहिल्यापासून खेळाव्यात का, या प्रश्नातही हा भेद उपयोगी पडतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे उदाहरण घेऊ. जॉर्डन मेकनर यांचा पहिला खेळ 1989 साली आला. 2003 साली 'द सँड्स ऑफ टाइम'ने स्वतंत्र कथा सुरू केली. 'वॉरियर विदिन' हा तिचा पुढचा भाग 2004 साली आला. या दोहोंमधल्या काळाची गोष्ट सांगणारा 'द फरगॉटन सँड्स' मात्र 2010 साली निघाला. पोकळीत मागाहून भरलेल्या गोट्यासारखाच!

तेव्हा कथेसाठी 2003 पासून सुरुवात केली तरी चालते. मग 1989 चा खेळ कशासाठी पाहायचा? तंत्र समजण्यासाठी. मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. ॲपल 2 संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती, की शत्रूसाठी वेगळी चित्रे मावेनात. तेव्हा राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून मूळ चित्राशी ताडले. ठिपके सारखे असतील तेथे 0, वेगळे असतील तेथे 1. यातून उजळ कडांची छायाकृती मिळाली आणि तीच प्रतिस्पर्धी झाली!

'नवी आवृत्ती येईल तेव्हा खेळू' हेही भरवशाचे नाही. 2003 च्या खेळाचे नवे रूप युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई शाखा करणार, असे 2020 साली जाहीर झाले; 2022 साली ते काम मॉन्ट्रियलकडे गेले.

विद्यार्थ्यांनी विचारले, तर त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. कथा जोडलेली आहे का? पहिल्या भागातील कौशल्य पुढे लागते का? जुना खेळ आजच्या यंत्रावर चालतो का? तिन्हींना 'होय' उत्तर आले, तर पहिल्यापासून खेळावे. नाहीतर आवडेल तेथून सुरुवात करावी आणि पहिल्या भागाला एखादा तास द्यावा. संग्रहातला नमुना आपण असाच हाताळतो.