हिमातील वाट

सोलापूरहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी हे गाव आहे. आकाशातून पडणारे बर्फ तेथील शेतकऱ्यास ठाऊक आहे ते केवळ गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने केलेला अनर्थ कोण विसरेल? परंतु गार म्हणजे हिम नव्हे. वादळी मेघात वरखाली हेलकावे खाताना थरावर थर थिजून गार बनते. हिम हे बाष्पापासूनच जन्मलेले स्फटिक होय. ते पिंजलेल्या कापसासारखे हळुवार उतरते.

जपानच्या होन्शू बेटावरील हिदा पर्वतात हे हिम अपरंपार पडते. त्याचे कारण तामलवाडीकरांस सहज उमजेल. पावसाळी वारे सह्याद्रीस अडतात, म्हणून महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस होतो आणि धाराशिवाकडे तीस इंचांच्या आतबाहेर. जपानात हाच प्रकार हिवाळ्यात घडतो. सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि पर्वतास अडून ते हिमरूपाने टाकून देतात. पलीकडच्या तोक्योस मात्र त्या दिवसांत बहुधा कोरडी हवा व स्वच्छ ऊन. तोक्यो ही जपानची तामलवाडीच म्हणावयाची! तातेयामा शिखराजवळचा रस्ता वसंतात मोकळा करतात, तेव्हा दुतर्फा उभ्या राहणाऱ्या हिमाच्या भिंती कधी कधी पन्नास फुटांहूनही उंच असतात.

हे दृश्य मोहक खरे; पण त्या भिंतीतील थर पाहावेत. प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा असतो. गोठून गुळगुळीत झालेल्या जुन्या थरावर ताजे हिम साचले, तर दोहोंचा सांधा जुळण्यास अवकाश लागतो. तेवढ्यात उतारावर माणसाचा भार पडला, की वरचा थर ओल्या गिलाव्याच्या पापुद्र्याप्रमाणे सुटतो. २७ मार्च २०१७ रोजी जपानातील नासू येथे हिमात चालण्याचा सराव करणाऱ्या शालेय मुलांवर असाच थर कोसळला. सात विद्यार्थी व एक शिक्षक दगावले. आपल्याकडे ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक द्रौपदी का डांडा शिखरावर सापडले. पंचविसांहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी माणसे शिकावयासच गेली होती.

महाराष्ट्रातील तरुण आता हिमालयात मोठ्या संख्येने जातात. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण. सह्याद्रीने त्यांना दम दिला, दोराचा सराव दिला. तथापि सह्याद्रीचा कातळ सकाळी जेथे असतो तेथेच सायंकाळीही असतो. हिमाचे तसे नाही. पहाटे दगडासारखा असलेला उतार दुपारी चिखलासारखा होतो. म्हणून जाणते लोक मध्यरात्रीनंतर निघतात व ऊन चढण्यापूर्वी परततात. ताजे हिम पडल्यास मुक्काम वाढवितात, खड्डा खणून थर तपासतात, आणि संशयास्पद उतार एकेकटे ओलांडतात. मागचे सर्व तोवर थांबून पुढच्यावर नजर ठेवतात. प्रत्येकाच्या अंगावर ठावठिकाणा सांगणारे छोटे रेडिओयंत्र असावे, पाठीवर फावडे असावे. गाडल्या गेलेल्या माणसाची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात खालच्या गावातून कोणी येणार नाही. उकरून काढावयाचे ते सोबत्यांनीच.